डावखुरं जनावर

अक्का, शुक्रवारी तो बीडला आला. समुद्राच्या तळातून उठलेला, पाठीवर डोंगराची धार घेऊन चालणारा तो नवा प्राणी, ज्याची तुम्ही दिवाळीपासून वाट पाहत होतात. तुम्ही त्याच आठवड्यातल्या मंगळवारी गेलात. तरी मी सिनेमाला गेले. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, आपलं ठरलं होतं तसंच. घरात ते अजून कोणाच्या घशाखाली उतरलेलं नाही, आणि उतरावं म्हणून मी हे लिहीतही नाही.

सध्या पाटोद्याच्या पेठेत तुमच्याबद्दल फार चांगलं बोललं जातं. भांड्यांच्या दुकानाला लाभलेली थोरली सून. कधी आवाज न चढवणारी. रोज सकाळी न चुकता लिंगपूजा करणारी, दर वर्षी कपिलधारला जाऊन धबधब्याच्या तुषारांत भिजून येणारी. यातलं काहीही खोटं नाही. पण हे ऐकत बसलं की ओल्या भिंतीवरून चुना सुटावा तसं माझ्या मनातून काहीतरी सुटत जातं. चौथ्या रांगेत बसून, मान मागे टाकून, पडद्यावरच्या डोंगराएवढ्या जनावराला हलक्या आवाजात "ये की, ये" म्हणणारी बाई या बोलण्यात कुठेच नसते. तिला या लोकांनी तुमच्याबरोबरच मातीत बसवून टाकलं. माझा सगळा राग त्यावर आहे.

मी या घरात आले ती कवितेची पदवी आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन. धाकटी सून कॉलेजात शिकवणार, हे घराने मान्य केलं; तिला कविता मोठ्याने म्हणायची सवय आहे, हे सोसायला मात्र थोरली जाऊ, म्हणजे तुम्ही, पुढे झालात. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तुम्ही गल्ल्यामागच्या सतरंजीवर बसून भांड्यांवर नावं घालायच्या. लग्नातली, बारशातली, वास्तुशांतीची, कोणाच्या तरी स्मरणार्थ वाटायची भांडी. नावं घालायचं ते छोटं यंत्र भुंग्यासारखं घुमत असे, घासलेल्या पितळेचा आंबट, गरम वास उठत असे, आणि त्या घुमण्याच्या वर आवाज नेत मी कविता म्हणत असे. तुम्ही सगळी ऐकायच्या. शेवटची ओळ संपली की यंत्र बंद करायच्या.

"लई ग्वाड हाय. पन ह्याच्यात जनावर कवा येतंय?"

"येत नाही, अक्का. यात एकटेपण आहे."

"मग एकट्यानं बसून काय करायचं? एखादं येऊ द्यायचं की."

तुमचं वेड वरवरचं नव्हतं, त्याला शिस्त होती. चौथी रांग, कारण "मान दुखली न्हाई तर त्यो मोठा कसला". पडद्यावर माणसं आपसांत बोलायला लागली की डबा उघडायचा, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि जनावराची चाहूल लागताच झाकण लावायचं. धुक्यात, पावसात, अंधारात प्राणी अर्धामुर्धा दाखवणाऱ्यांवर तुमचा भारी राग. "नवरी हाय का, पदर सरकवून सरकवून दाखवायला? जनावर हाय. उजेडात आना त्याला." आणि गर्जना तर तुम्ही धातूंनी ओळखायच्या. कोणाची पितळेची, कोणाची नुसती पत्र्याची. मागे एका सिनेमात दोन प्राणी एकमेकांना भिडले होते; त्यातल्या धाकट्याला तुम्ही मध्यंतरातच ॲल्युमिनियमच्या भांड्यांत जमा केलंत. "जर्मलचा हाय. आपटला की बद् वाजतंय."

या नव्याची झलक मोबाइलवर आली तेव्हा तुम्ही काय केलंत, ते पेठेत कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तुम्ही दुकानातलं सगळ्यात मोठं घंगाळ खाली उतरवलंत, मोबाइल त्याच्या तळाशी ठेवलात आणि आवाज पूर्ण सोडलात. गर्जना घंगाळातून उठली, वरच्या फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या, आणि कुकर घ्यायला आलेली एक बाई पायरीवरूनच माघारी वळली. अण्णा, म्हणजे तुमचे यजमान, कपाळाला हात लावून बसले. तुम्ही कान घंगाळाजवळ नेऊन डोळे मिटले होते.

"काश्याचा हाय," तुम्ही म्हणालात. "ऐक, मास्तरीण. त्यो थांबला, तरी घुमायलाय."

तेव्हाच ठरलं. शुक्रवार, बीड, पहिला खेळ, चौथी रांग.

आपला जुना वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात, हे मला मान्य नाही. मी म्हणत असे, हा प्राणी म्हणजे माणसाची भीती आहे. किंवा कोपलेला समुद्र. किंवा फार दिवस दाबून ठेवलेलं काहीतरी, जे एका सकाळी उठून उभं राहतं. तुम्ही माझ्याकडे अशा पाहायच्या, जणू मी भरल्या ताटात मीठ शोधते आहे.

"एवढं मोठं हाय, तरी तुला दिसंना. त्याच्या पल्याडलं बघायलीस."

"मग तो आहे तरी काय?"

"जनावर हाय. झोपल्यालं. कुनीतरी उठवलं. आता त्याला जागा पुरंना, एवढंच."

एवढंच असेल तर जगभरची माणसं पुन्हा पुन्हा त्याला पाहायला का जातात, हा माझा प्रश्न तुम्ही दर वेळी डब्याचं झाकण लावून संपवलात. मी तो सोडलेला नाही. माणूस गेलं म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरतं, असं मी मानत नाही, आणि तुम्हालाही तसली भीक नको होती.

दुसरा वाद मात्र तुमचा एकटीचा होता आणि समोर सगळं घर होतं. तुमच्या माहेरी, धर्मापुरीला, जुन्या देवळाजवळच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तुम्ही अगदी लहान, अजून अक्षरओळखही नव्हती, तेव्हा तिथे तुम्ही पहिलं जनावर पाहिलंत. तुम्ही सांगायच्या की तो डावखुरा होता. डाव्या हाताने त्याने पूल मोडला, डाव्या हाताने विमान धरलं. पुढे कितीतरी वर्षांनी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. तुम्ही हाका मारून सगळ्यांना गोळा केलंत. पूल आला, आणि त्याने उजव्या हाताने मोडला. विमानही उजव्याच हाताने धरलं. घर खो खो हसलं. तुम्ही पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "ह्यो त्यो न्हाई. आमचा डावखुरा हुता." तेव्हापासून आपल्या घरात कोणाला काही चुकीचं आठवलं की ते 'अक्काचा डावखुरा' झालं. चावी सापडेना, तारीख जुळेना, की झालाच अक्काचा डावखुरा.

तुम्ही स्वतः डावखुऱ्या होतात. गल्ल्यावर ते चालत नसे. आत्याबाई, आपल्या सासऱ्यांची बहीण आणि दोन घरं पलीकडे राहूनही या घराचा कायदा, यांनी तुम्ही आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं की गिऱ्हाईकाला भांडं उजव्या हाताने द्यायचं. डाव्या हाताने दिलेलं भांडं माणूस घरी नेत नाही. म्हणून देताना उजवा, आणि गल्ल्यामागे कोणाच्या नजरेला न पडता नावं घालताना डावा. तुम्ही एकदाच त्यांना उत्तर दिल्याचं मला आठवतं, तेही ताक घुसळता घुसळता.

"आत्याबाई, आपन पूजेला लिंग कोन्या हातावर घेतो?"

"डाव्या."

"मग त्यो हात वाईट कसा?"

"देवाचं येगळं असतंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि लोणी किती आलं ते पाहायला वाकल्या.

घर हसत असे. मी अर्थ लावत असे. मला वाटायचं, जिचा डावा हात घरात कोणाला चालत नव्हता अशा एका मुलीने तो हात त्या प्रचंड प्राण्याला मनातल्या मनात देऊन टाकला असणार. मला तो अर्थ फार सुंदर वाटत असे. एकदा मी तो तुम्हाला सांगितला. तुम्ही यंत्र बंद केलंत.

"ती हसतेत ते बरं. तू मला समजून घ्यायलीस," तुम्ही म्हणालात. "म्या बघितलंय, बाई. डोळ्यानं बघितलंय."

मंगळवारी तुम्हाला नेलं. आपल्या लिंगायतांत माणसाला निजवून पाठवत नाहीत, बसवून पाठवतात. तुम्ही ताठ बसला होतात, मान किंचित मागे, चौथ्या रांगेत बसावं तशा. विभूतीचा कोरडा वास, बेलाच्या पानांचा हिरवा, ओल्या मातीचा थंड. मठपतींनी तुमचा डावा तळहात उघडला आणि त्यावर तुमचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. घराने आयुष्यभर गल्ल्यामागे लपवायला लावलेला तो हात शेवटी सगळ्यांच्या देखत वर आला, आणि कोणाला काही म्हणता आलं नाही. मी रडत होते, तरी त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

बुधवारी मी घरात सांगितलं की शुक्रवारी मी सिनेमाला जाणार. भेटायला आलेली माणसं सतरंजीवर होती. आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"डोकं ठिकानावर हाय का? सुतकात सिनेमा?"

"आपल्यात सुतक पाळत नाहीत, आत्याबाई. तुम्हीच शेजारणींना सांगत असता की आपण लिंगायत, आपल्याला ना मरणाचं सुतक ना जन्माचं."

"धर्मात न्हाई," त्या म्हणाल्या. "पाटोद्यात हाय."

"अक्कांशी ठरलं होतं."

"ती गेली की."

"म्हणूनच मी जायला हवं."

"आन लोकाला काय सांगू? जाऊ मातीत बसली आन ही राक्षस बघायला गेली?"

"हो. तसंच सांगा. शब्दही बदलू नका."

त्यांनी पदर तोंडाला लावला. तुमचं लोकांत हसं व्हायला नको, असंच त्यांना खरोखर वाटत होतं, हे मला दिसत होतं.  पण तुमच्या वेडाला मातीआड करण्यात त्यांना तुमची अब्रू दिसते आणि मला तुमची दुसरी मूठमाती दिसते. यात मधला रस्ता नव्हता.

गुरुवारी तुमचे थोरले भाऊ धर्मापुरीहून आले. सारं घर त्यांना मामा म्हणतं. रविवारच्या जेवणाला आप्तांना तुमच्या स्मरणार्थ स्टीलची ताटं द्यायची होती आणि नावं घालणारा हातच नव्हता. अण्णांनी यंत्र हातात घेतलं, खाली ठेवलं, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. म्हणून मी बसले. 'लिंगैक्य सौ. महानंदा यांच्या स्मरणार्थ.' माझी अक्षरं कापत होती. तुमच्या हातची वेलांटी कशी एका श्वासात वळायची. मामा समोर बसून पाहत होते. काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांना घरातली ती जुनी गंमत सांगितली, अक्काचा डावखुरा.

मामा हसले नाहीत.

"गंमत कसली त्यात? तिला डावाच दिसला असंल."

"म्हणजे?"

"तंबूत पडदा मधोमध असायचा. गडी मानसं मशीनीच्या अंगाला. बायका-लेकरं पडद्याच्या पाठीमागं. पातळ कापड, दोन्हीकून दिसायचं. आमाला उजवा, तर तिकडून डावाच की."

यंत्र माझ्या हातात घुमत राहिलं आणि ताटावर एक वेडीवाकडी रेघ गेली.

"मग हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"इचारलं कवा तिनं? मला वाटलं, तिला ठाव असंल. बसल्यालीच ती तिकडं." मग ते म्हणाले, "जेवताना आई तिचा डावा हात पंचानं बांधायची. त्या जत्रेहून आली आन तिनं पंचा सोडला. डाव्या हातानं जेवाया लागली. आईनं लई मारलं. तर म्हनली, त्याला कावून कुनी मारीत न्हाई?"

अक्का, मी यंत्र बंद केलं. 

तुम्ही चुकला नव्हतात. तुम्हाला भास झाला नव्हता, आणि माझ्या त्या सुंदर अर्थाचीही गरज नव्हती. बायकांना पडद्यामागे बसवलं म्हणून बायकांना डावखुरं जनावर दिसलं. त्या तंबूतल्या प्रत्येक बाईने, प्रत्येक लेकीने तेच पाहिलं. तुमच्यासारखं ते लक्षात ठेवून आयुष्यभर त्याची बाजू घेणारी मात्र तुम्हीच निघालात. हे तुम्हाला सांगायला मला फक्त दोन दिवसांचा उशीर झाला. त्या दोन दिवसांना मी कधीही माफ करणार नाही.

रेघ पडलेलं ताट वाटायला चालणार नव्हतं. ते मी पिशवीत घातलं.

शुक्रवारी सकाळी मी चपला घालत होते तर अण्णा स्कूटर काढून दारात उभे. ते कधी एकाही सिनेमाला आपल्याबरोबर आले नाहीत. मला एसटी स्टँडवर सोडलं. उतरताना त्यांनी हँडलला अडकवलेला डबा सोडून माझ्या हातात दिला.

"दशम्या हायेत. शेजारून करून घेतल्या," ते म्हणाले. "मानसं बोलाया लागली की खायच्या. जनावर आलं की बंद."

मांजरसुंब्याच्या घाटात बस वळली, कपिलधारचा फाटा मागे गेला, आणि डब्यातून शेंगदाण्याच्या चटणीचा भाजका वास येत राहिला. थिएटरच्या दारात पिशवी तपासणाऱ्याने ताट बाहेर काढून उलटसुलट पाहिलं.

"ताट कावून आनलंय, ताई? आत पंगत न्हाई."

"नाव वाच," मी म्हणाले.

त्याने वाचलं. ताट पुसून पिशवीत ठेवलं आणि डब्याबद्दल विचारलंच नाही.

चौथी रांग, अक्का. मान दुखली. माणसं बोलायला लागली तेव्हा मी दशमी खाल्ली. ती फार बोलतात, तुमचा तो आक्षेप रास्त आहे. पण यांनी त्याला उजेडात आणलंय. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, पाण्यातून तो उठत गेला, उठतच राहिला, अंगावरून नद्या ओघळाव्यात तसं पाणी ओघळलं, आणि आपल्या दुकानाच्या फळीवरच्या वाट्या मला तिथे ऐकू आल्या. गर्जना काश्याचीच आहे. खुर्चीच्या हातातून ती माझ्या कोपरात शिरली, आणि तो थांबल्यावरही घुमत राहिली.  मी म्हणाले, "ये की, ये."

मग पूल आला. त्याने उजवा हात उचलला.

मी पिशवीतून ताट काढलं आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

मागच्या रांगेतला एक तरुण वाकून म्हणाला, "ओ ताई, उलट्या कावून बसलाव? सिनेमा तिकडं हाय."

"आमच्या बायकांना इकडून दिसतो," मी म्हणाले.

ताट खांद्याजवळ धरून थोडं कललं, आणि तो त्यात आला. लहान होता. पण पुरता आला. त्याच्या छातीवरून तुमचं नाव गेलं होतं, माझ्या कापऱ्या अक्षरांत, शेजारी ती वेडी रेघ. आणि त्याने हात उचलला, आणि तो डावा होता, अक्का. डाव्या हाताने त्याने पूल मोडला. मी तुमच्या बाजूने, तुमच्या जागेवरून, डोळ्यांनी पाहिलं. त्या वेळी मला त्याचा काही अर्थ सुचला नाही. ते एक जनावर होतं, आणि त्याला जागा पुरत नव्हती. अर्थ सुचला तो परतीच्या बसमध्ये. तेव्हा आपला वाद अजून मिटलेला नाही, हे ध्यानात असू द्या.

रविवारी जेवणं झाल्यावर ताटं द्यायला मी उभी राहिले. पहिला मान आत्याबाईंचा. सगळं घर, सगळी पेठ बसलेली. त्यांनी पदर सावरून दोन्ही हात पुढे केले. मी उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने ताट पुढे धरलं.

पंगतीतल्या माना वर झाल्या. अण्णा कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते, ते तसेच राहिले. आत्याबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग ताटावरच्या तुमच्या नावाकडे. 

मग त्यांनी ताट घेतलं, आणि घरी नेलं.